गर्भवतीच्या रक्तातील पूर्वसूचना

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालू असताना त्रिशला मातेचा एक प्रसंग दरवर्षी आपल्या कानावर येतो. आपल्या हालचालीने मातेला त्रास होऊ नये, म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल होतात. बाळ हलेनासे झाले हे जाणवताच माता शोकाकुल होते आणि राजवाड्यातील गीत-वाद्ये थांबतात. पुढे गर्भ किंचित हलतो, तेव्हा कुठे सर्वांचा जीव भांड्यात पडतो. श्वेतांबर परंपरेतील हा प्रसंग मी बालपणापासून ऐकत आलो आहे. परंतु त्यातील मातेची व्याकुळता गेल्या चातुर्मासात मला प्रथम उमगली, कारण त्या वेळी आमचीच कन्या रुग्णालयात पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचाली मोजत होती.

तिला झालेल्या विकाराचे नाव प्री-एक्लॅम्पसिया. गर्भारपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होणे आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागणे अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे, असे या विकाराचे स्वरूप असते. जगात दर १०० गर्भवतींपैकी २ ते ८ जणींना तो होतो. वेळीच लक्ष न दिल्यास झटके येतात आणि माता व बाळ दोघांच्याही प्राणावर बेतते. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. आयुष्य बँकेत आकडे वाचण्यात गेले. परंतु या विकारात आकडे वाचण्याला किती मोल आहे, हे जवळून पाहिले आणि समाजबांधवांसमोर मांडावेसे वाटले.

न जुळलेला हिशेब

आमची धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठी धायरीला माहेरी आली, तेव्हा तिला ३१ वा आठवडा चालू होता. सासर सोलापूरचे, घराणे व्यापारी, माणसे प्रेमळ. तिची पावले सुजली होती, बोटातील अंगठी निघत नव्हती. ‘पहिलटकरणीला सूज येतेच,’ असे घरातील वडीलधाऱ्या म्हणाल्या आणि मीही मान डोलावली. येथील डॉक्टरांनी मात्र रक्तदाब मोजला, तो १४८/९६ निघाला. लघवीत प्रथिनांचा किंचित अंश होता. आधीचा रक्तदाब किती, असे त्यांनी विचारले. ते कोणालाच सांगता येईना, कारण फाइल सोलापूरलाच राहिली होती. ती हाती येण्यास पाच दिवस गेले. पहिल्या तिमाहीत हाच रक्तदाब १०८/७० होता, हे तेव्हा कळले.

डॉक्टरांनी रक्तदाबाची लॅबेटेलॉल ही गोळी दिवसातून तीन वेळा घेण्यास सांगितली आणि एक रक्ततपासणी लिहून दिली. तिचे नाव मी तोपर्यंत ऐकले नव्हते. दोन घटकांच्या गुणोत्तराची ती तपासणी होती. उत्तर आले २९. ‘येत्या आठवड्याची चिंता फारशी नाही, पण आठवड्याने पुन्हा दाखवा,’ असे डॉक्टर म्हणाले. आम्ही त्यातील पूर्वार्ध नीट ऐकला. पाऊस, धायरी फाट्यावरील कोंडी आणि ‘रिपोर्ट चांगला आहे’ हे समाधान, यांमुळे पुढची भेट आम्ही पाच दिवस लांबवली.

घरी रक्तदाब मोजण्याचे काम माझ्याकडे होते. नोंदी ठेवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. रोजमेळाच्या लाल वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा असे रकाने आखले होते. बाराव्या दिवशी सर्व नोंदी एकत्र वाचताना एक गोष्ट खटकली. सकाळचा आकडा रोज चढा आणि दुपारचा उतरलेला होता. तीन वेळा औषध घेणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब रोज पहाटे इतका का चढावा? मी गोळ्यांचा डबा उघडला. ५० गोळ्या आणल्या होत्या. दिवसाला ३ याप्रमाणे १२ दिवसांत ३६ संपून १४ उरायला हव्या होत्या. डब्यात २५ होत्या. म्हणजे ११ गोळ्यांचा हिशेब जुळत नव्हता.

लेकीला जवळ बसवून विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “पप्पा, माझा चौविहार आहे.”

चातुर्मासभर सूर्यास्तानंतर अन्न-पाणी वर्ज्य करण्याचा नियम तिने घेतला होता. रात्रीची गोळी पहिल्या दिवशी घेतली आणि नंतर मनाला टोचणी लागली, म्हणून ती सोडून दिली. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना सांगितले नाही. घरचे नियम मोडायला लावतील म्हणून आम्हांलाही सांगितले नाही. त्याच दिवशी आम्ही रुग्णालय गाठले. रक्तदाब १५६/१०४, लघवीत प्रथिने स्पष्ट, आणि बारा दिवसांपूर्वी २९ असलेले ते गुणोत्तर आता ९२.

विकार वारेचा, त्रास रक्तवाहिन्यांना

हे गुणोत्तर कशाचे, हे समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्र जाणून घ्यावे लागते. गर्भाचे पोषण वारेमार्फत, म्हणजे प्लासेंटामार्फत होते. गर्भारपणाच्या पूर्वार्धात वारेतील पेशी गर्भाशयाच्या वळणदार धमन्यांत शिरतात आणि त्या अरुंद नळ्यांचे रूपांतर रुंद, सैल मार्गांत करतात. पायवाटेचा हमरस्ता व्हावा, तसे हे काम असते. काही स्त्रियांमध्ये ते अर्धवट राहते. वाढत्या बाळाची मागणी मोठी आणि पुरवठ्याचा रस्ता अरुंद, अशी स्थिती येते आणि वारेची उपासमार होऊ लागते.

अशी पीडित वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे नाजूक अस्तर असते. नळी सैल ठेवणे, रक्त गोठू न देणे, आतील द्रव बाहेर झिरपू न देणे ही त्याची कामे. हे अस्तर बिघडले की नळ्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. नळ्या गळू लागतात, म्हणून सूज येते. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते, म्हणून लघवीत प्रथिने उतरतात. यकृत आणि मेंदूतील सूक्ष्म वाहिन्याही यातून सुटत नाहीत. डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे ही वेगवेगळी वाटणारी लक्षणे एकाच बिघाडाची रूपे असतात. प्री-एक्लॅम्पसिया हा मुळात रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा विकार आहे, हे सूत्र अमेरिकेतील डॉ. जेम्स रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडले आणि या विकाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

अस्तराला बिघडवणारे द्रव्य कोणते, याचे महत्त्वाचे उत्तर २००३ साली मिळाले. बोस्टन येथे काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या विकारात वार एस-एफएलटी-१ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राहण्यासाठी व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ या दोन वाढघटकांची गरज असते. एस-एफएलटी-१ रक्तात फिरत राहून या दोघांना पकडून निकामी करते. बाजारात माल असावा, पण साठेबाजाने तो दाबून धरल्यामुळे ग्राहकापर्यंत पोहोचू नये, तसाच हा प्रकार. कर्करोगावरील काही औषधे मुद्दाम व्हीईजीएफला अडवतात. ती घेणाऱ्या रुग्णांतही रक्तदाब वाढतो आणि लघवीत प्रथिने जातात. या कार्यकारणभावाला त्यातून वेगळ्या दिशेने पुष्टी मिळाली.

रक्तातील साक्षीदार

२००४ साली एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. कॅल्शियमविषयीच्या एका जुन्या अमेरिकी अभ्यासात गर्भवतींच्या रक्ताचे नमुने साठवून ठेवलेले होते. ते पुन्हा तपासले असता असे दिसले की, ज्यांना पुढे विकार झाला, त्यांच्या रक्तातील एस-एफएलटी-१ लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे पाच आठवडे वाढू लागले होते. पीएलजीएफ तर १३ ते १६ व्या आठवड्यापासूनच इतरांपेक्षा कमी होते. रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राला काही कळण्यापूर्वी रक्ताने साक्ष दिली होती.

अस्तराच्या बिघाडाचे इतरही साक्षीदार आहेत. २००३ साली लंडनमधील संशोधकांनी एडीएमए या द्रव्याची नोंद केली. रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीत हे द्रव्य अडथळा आणते आणि पुढे विकार झालेल्या स्त्रियांच्या रक्तात ते आधीपासूनच वाढलेले होते. वारेतून येणारे एंडोग्लिन, अस्तराच्या पेशींतून सुटणारी काही प्रथिने आणि होमोसिस्टीन यांवरही अभ्यास झाले आहेत. यांपैकी बहुतेक तपासण्या अजून संशोधनापुरत्या आहेत. दवाखान्यात वापरण्याच्या पातळीवर पोहोचले ते मुख्यतः पीएलजीएफ आणि एस-एफएलटी-१ व पीएलजीएफ यांचे गुणोत्तर.

बँकेतील अनुभवाने मला याचा अर्थ लवकर कळला. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. पण तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून ‘विशेष उल्लेख खाते’ असे वर्गीकरण आणले. त्यातील पहिल्या पायरीवर हप्ता फारसा थकलेला नसतो, पण ताणाची चिन्हे दिसू लागलेली असतात. वाढलेला रक्तदाब ही थकबाकी समजली, तर रक्तातील हे घटक म्हणजे ताणाची चिन्हे होत. मात्र चिन्ह दिसूनही शाखाधिकारी स्वस्थ बसला तर वर्गीकरणाचा उपयोग शून्य. तेच येथेही लागू आहे.

३८ या आकड्याचा अर्थ

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, विकाराची शंका असलेल्या गर्भवतींसाठी या गुणोत्तराची सीमारेषा ३८ ठरवण्यात आली. गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढील एका आठवड्यात विकार उद्भवणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के वेळा बरोबर ठरले. उलट ३८ पेक्षा अधिक गुणोत्तर असणाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच पुढील चार आठवड्यांत विकार झाला.

हे दोन आकडे प्रत्येक कुटुंबाने नीट समजून घ्यावेत. कमी गुणोत्तर मोठा दिलासा देते, पण तो दिलासा एका आठवड्याचा असतो. बँक खात्यातील शिलकीचा दाखला देते, तो त्या दिवसापुरता. पुढील महिन्याची हमी त्यात नसते. आम्ही २९ चा दाखला बारा दिवस चालवला, ही आमची चूक. दुसरीकडे, अधिक गुणोत्तर म्हणजे शिक्षेचा निकाल नव्हे. ती जवळून लक्ष ठेवण्याची आज्ञा आहे. अनेकांताचा विचार मानणाऱ्या आपल्या समाजाला हे समजणे कठीण जाऊ नये. एका बाजूने दिसलेले सत्य संपूर्ण नसते. रक्ततपासणी, रक्तदाब, लघवी, सोनोग्राफी, बाळाची हालचाल आणि आईची तक्रार या सर्व बाजू एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात.

अशा तपासणीने प्रत्यक्ष लाभ होतो का? इंग्लंडमधील ११ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांना कळवला, तेव्हा निदानाला लागणारा काळ सुमारे ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि मातांमधील गंभीर गुंतागुंतही घटली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली या गुणोत्तराच्या तपासणीला मान्यता दिली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती करता येते. ती महाग आहे आणि प्रत्येक गर्भवतीला आवश्यक नाही. कोणाला व कधी करावी, हे डॉक्टरांनी ठरवावे.

पहिल्या तिमाहीतही या ज्ञानाचा उपयोग होतो. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान पूर्वेतिहास, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमनीची डॉपलर सोनोग्राफी आणि पीएलजीएफ एकत्र पाहून धोका अजमावता येतो. अशा अधिक धोक्याच्या स्त्रियांना १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन रोज रात्री देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले. ३७ आठवड्यांपूर्वी बाळंतपण घडवणारा प्री-एक्लॅम्पसिया गोळी घेणाऱ्यांत १.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४.३ टक्के आढळला. ही गोळी १६ व्या आठवड्यापूर्वी सुरू करण्यात अर्थ आहे आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुळीच घेऊ नये. भारतीय प्रसूतितज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेने तर वय, पूर्वीचे आजार, कुटुंबाचा इतिहास अशा माहितीवरून गुण देण्याचा जेस्टोसिस स्कोअर प्रचारात आणला आहे. त्याला महागडी तपासणी लागत नाही. प्रश्न विचारणारा डॉक्टर आणि खरे उत्तर देणारे कुटुंब लागते.

पुण्यातील संशोधन आणि आपले शाकाहारी ताट

या विषयावर आपल्या पुण्यातही महत्त्वाचे काम चालू आहे. कात्रजच्या आगम मंदिराला जाताना पुणे-सातारा रस्त्यावर धनकवडीचा भारती विद्यापीठाचा परिसर लागतो. तेथील ‘इर्शा’ या आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे प्री-एक्लॅम्पसियाचा अभ्यास करीत आहेत. रक्तवाहिन्यांचे वाढघटक, ओमेगा-३ वर्गातील डीएचए हे स्निग्धाम्ल, फोलेट, बी-१२ आणि होमोसिस्टीन यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला आहे. ‘रिव्हॅम्प’ या त्यांच्या अभ्यासात गर्भवतींचे रक्त पहिल्या तिमाहीपासून प्रसूतीपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासण्याची योजना आहे. पुढे विकार झालेल्या स्त्रियांमध्ये होमोसिस्टीन गर्भारपणाच्या आरंभापासूनच अधिक असल्याचे या संशोधकांच्या एका निबंधात नमूद आहे.

होमोसिस्टीन हा शब्द आपल्या समाजाने लक्षात ठेवावा. बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात ते साठते आणि अस्तराला हानिकारक ठरते. बी-१२ वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत मातांचा जो अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हती.

यावरून शाकाहाराला दोष देण्याचे कारण नाही. बी-१२ घेतले की प्री-एक्लॅम्पसिया टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. परंतु कमतरता असेल तर ती शोधून भरून काढणे, हे शाकाहार जपणाऱ्या घराचे पहिले कर्तव्य ठरते. औषधी बी-१२ प्राण्यांपासून काढत नाहीत, ते जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते. म्हणून औषध विक्रेत्याला विचारून गोळी किंवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मागावी. डीएचए शेवाळापासूनही मिळते, पण शेवाळाविषयी आपले नियम कडक आहेत. असे प्रश्न विवाहानंतर, गर्भधारणेपूर्वीच गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना विचारून ठेवावेत.

कॅल्शियमचीही गोष्ट अशीच. आहारात ते कमी असणाऱ्या गर्भवतींना पूरक कॅल्शियम दिल्याने या विकाराचा धोका कमी होतो. बंगळुरू आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. रोजची ५०० मिलिग्रॅम मात्रा प्री-एक्लॅम्पसिया रोखण्यात १५०० मिलिग्रॅमपेक्षा उणी पडली नाही, असे त्यांत दिसले. साधी, स्वस्त गोळी. पण ती नियमाने पोटात जायला हवी.

नियम आणि आगार

आता मूळ प्रश्न रात्रीच्या गोळीचा. लेकीला रुग्णालयात दाखल केल्यावर मी उपाश्रयात जाऊन साध्वीजींना सर्व हकिगत सांगितली. त्यांनी प्रथम मलाच विचारले की, पच्चक्खाण घेताना तिच्याजवळ वडीलधारे कोणी होते का? प्रत्याख्यानात आगार, म्हणजे अपवादाची जागा, आपल्या शास्त्रकारांनी पहिल्यापासून ठेवलेली आहे. गर्भवतीने नियम घेताना तो औषधाचा आगार ठेवूनच घ्यावा, झेपत नसेल तर अन्य सोपा नियम घ्यावा आणि जे घडले त्याची आलोयणा करून मन हलके करावे, असे त्यांनी समजावले. हे ऐकल्यावर लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. बारा दिवस ती विकाराबरोबर अपराधभावही वाहत होती आणि घरातील आम्हा कोणाच्या ते लक्षात आले नव्हते.

मी डॉक्टरांना विचारले, की गोळ्या चुकल्यामुळेच हे झाले का? त्यांचे उत्तर स्पष्ट होते. रक्तदाबाची गोळी वारेचा दोष दुरुस्त करीत नाही. विकार त्याच्या मार्गाने आलाच असता. परंतु अनियंत्रित रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि गोळी तो टाळते. दुसरे असे की, औषध चालू आहे या समजुतीवर डॉक्टर मात्रा ठरवतात. खतावणीत खोटी नोंद असेल तर ताळेबंद कसा खरा निघेल?

रुग्णालयात बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने दिली गेली. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देण्यात आले. हे जुने आणि स्वस्त औषध आहे. भारतासह ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने त्यामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली सिद्ध केले. ३५ व्या आठवड्यात प्लेटलेट उतरू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळंतपण करण्याचा निर्णय घेतला. या विकारावर खरा उपाय वार शरीराबाहेर येणे हाच आहे. ‘अजून थोडे दिवस थांबता येणार नाही का?’ असा प्रश्न आमच्या ओठांवर होता. पण त्या वेळी रकान्यातील आकडे पाहून आम्ही गप्प राहिलो. नातू १.९ किलोचा झाला. नऊ दिवस नवजात अतिदक्षता विभागात राहिला. आज दोघेही घरी सुखरूप आहेत.

कुटुंबाने काय करावे

माहेरी येताना लेकीबरोबर ओटीचे सामान येते, तशीच तिची संपूर्ण फाइल आली पाहिजे. पहिल्या तिमाहीतील रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि सोनोग्राफीचे अहवाल त्यात असावेत. फोनमध्ये छायाचित्रे ठेवावीतच, पण कागदही ठेवावेत.

पहिल्या भेटीतच डॉक्टरांना कुटुंबाचा इतिहास मोकळेपणाने सांगावा. आई किंवा बहिणीला असा त्रास झाला होता का, पूर्वीपासून रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आहे का, जुळे आहे का, गर्भधारणेसाठी उपचार झाले होते का, हे लपवण्यात कोणतीही प्रतिष्ठा नाही. तपश्चर्येचा नियम असेल तर तोही सांगावा. डॉक्टर जैन नसले, तरी गोळ्यांच्या वेळा किंवा औषध बदलता येते का, हे ते पाहू शकतात; माहितीच नसेल तर काय पाहणार?

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि नोंद वहीत करावी. आकडा १४०/९० च्या पुढे गेल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. १६०/११० झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तीव्र डोकेदुखी, अंधूक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

बाळंतपण झाले म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नये. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. म्हणून पुढील सहा आठवडे रक्तदाब पाहत राहावे. त्यापुढेही ही नोंद आयुष्यभर महत्त्वाची आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, प्री-एक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका सुमारे ३.७ पट, तर हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. आपल्या घरातील पन्नाशी-साठीच्या बायका दुकान, संसार, व्रते सांभाळताना स्वतःचा रक्तदाब क्वचितच मोजतात. त्यांच्यापैकी कोणाला पहिल्या खेपेस ‘पाय फार सुजले होते, रक्तदाब वाढला होता’ असे आठवत असेल, तर त्यांनी वर्षातून एकदा तपासणी जरूर करून घ्यावी.

शेवटची विनंती दुकानदार बंधूंना. आपल्या दुकानात, गोदामात काम करणाऱ्यांच्या घरीही गर्भवती असतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी कामगाराला पत्नीसोबत जाण्यासाठी भरपगारी अर्धा दिवस सुट्टी द्यावी. जीवदयेच्या पावत्या आपण आनंदाने फाडतो. ही सुट्टीही त्याच खात्यात जमा होईल.

आमची ती लाल वही अजून चालूच आहे. आता तिच्यात दोघांची खाती आहेत. डाव्या पानावर लेकीचा रक्तदाब आणि उजव्या पानावर नातवाचे वजन. लेकीने पुढील चातुर्मासाच्या नियमाविषयी साध्वीजींना आधीच विचारून ठेवले आहे आणि या वेळी तिच्या शेजारी तिची आई बसलेली होती.